शेंदूर लावलेली झारी

आमच्या न्हाणीत पाणी ठिपकायचं, आणि ते ठिपकतंय तोवर घरात सगळं ठीक आहे असं समजायचं, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. आता माझी नातवंडं नळ गळायला लागला की कुरकुरतात, नळवाल्याला बोलावतात. बोलवा बापडे. पण मला गळणाऱ्या नळाचं काही वाटत नाही. गळायचा थांबला की मात्र छातीत धस्स होतं. हे वेड नाही, त्याला कारण आहे. तेच सांगायला बसले आहे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं घर तुंगार्लीत, तळ्याकडे चढणाऱ्या वाटेवर. वरच्या अंगाला मुंबईच्या शेटलोकांचे बंगले, खाली आमची कौलारू घरं. माझं माहेर इंदुरीचं, नदीकाठचं, उन्हाचं. तिथून मी लग्न होऊन या धुक्यात आले. लोणावळ्याचं धुकं लोक पैसे खर्चून बघायला येतात, पण पावसाळाभर ते घरात बिऱ्हाड करून राहिलं म्हणजे काय होतं ते आम्हाला विचारा. लुगडं वाळत नाही, काड्यापेटीतली काडी पेटत नाही, मीठ पाणी होऊन वाहतं, आणि अंगणातल्या माणसाला हाक मारली तर उत्तर कुठून आलं ते कळत नाही. अशा गावात कढत पाणी ही चैन नव्हे. बाळंतिणीला तर नव्हेच नव्हे.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. ते रेल्वेच्या इंजिन शेडात फिटर होते. उंच, वाकलेले, हातांना कायम तेलाचा वास. डाव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही. तरुणपणी कुठल्याशा भाताच्या गिरणीत कामाला असताना तिथला बायलर फुटला होता. गिरणीचं छप्पर शेजारच्या खाचरात जाऊन पडलं, असं सांगायचे. माणसांचं काय झालं ते मात्र कधी सांगितलं नाही. तिथवर आले की गप्प बसायचे आणि बहिऱ्या कानात करंगळी घालून हलवत राहायचे.

एकदा वरच्या बंगल्यात काहीतरी दुरुस्तीला गेले होते. तिथल्या शेटनं जुना फवारा काढून नवा बसवला, आणि जुना मामंजींना देऊन टाकला. त्याला शॉवर म्हणतात हे मला फार पुढं कळलं. बागेत झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड असतं ना, तसाच तो, फक्त पितळेचा आणि भाकरीएवढा. म्हणून आमच्या घरी तो झारीच झाला.

मामंजींनी महिनाभर खपून ती झारी न्हाणीत बसवली. रचना अशी की वर माळ्यावर गार पाण्याचं पिंप. त्यातून एक नळ खाली बंबात. मधे तोटी. तोटी सोडली की गार पाणी बंबात खालून शिरायचं आणि वरचं कढत पाणी दुसऱ्या नळानं चढून झारीतून अंगावर पडायचं. गार पाण्याच्या नळात त्यांनी भंगारात मिळालेली एक झडप घातली होती. ती पाणी आत घ्यायची, माघारी सोडायची नाही. बंबाचं झाकण बोल्टांनी आवळलेलं. म्हणजे आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, झारी. तिला त्यांनी मुद्दाम तोटी लावली नव्हती. बंब तापला की पाणी फुगायचं आणि झारीतून आपोआप ठिपकायला लागायचं. ठिप, ठिप, ठिप.

मला त्यांनी न्हाणीच्या दारात उभं करून समजावलं होतं. "पोरी, ह्ये ठिपकणं म्हंजी बंबाचा श्वास. ठिपकतंय तवर निवांत ऱ्हावा. थांबलं तर इस्तू पेटवायचा न्हाई. आदी झारी काढायची, साफ करायची."

मी म्हटलं, "आन न्हाई काढली तर?"

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणत्यात ना? ह्याला तोंड न्हाई. त्यो फुटंल."

झारी काढायची कशी तेही दाखवलं. पाना कुठं लावायचा, डावीकडं कसा फिरवायचा, अडकली तर आधी चिंच चोळायची, मग घासलेट सोडायचं, आणि झटका न देता अंगाचा भार टाकायचा. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, घाटातल्या इंजिनावर फायरमन, दिवस दिवस घरी नसायचे. सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता. का, ते आता येतंच.

नळाच्या सांध्यातून पाणी गळू नये म्हणून फिटर लोक काय करतात, तर ताग गुंडाळतात आणि त्यावर जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावतात. तो सुकला की दगडासारखा होतो. मामंजींनी झारीच्या मानेला तसाच शेंदूर लावला. तेवढ्यात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, चुलीतली राख टाकायला तिकडून चालल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, राखेची पाटी खाली ठेवली आणि हात जोडले.

मामंजी म्हणाले, "अगं, ह्ये पाणी गळू नये म्हून लावलंय!"

"लावलंय नव्हं? शेंदूर चढला की देव झाला. आता तुमी का लावलाय त्ये देवाला इचारत बसू का?"

"न्हाणीत देव?"

"वढ्यात असतो, बांधावर असतो, मग न्हाणीतच का नसावा? मलाच सांगा."

मामंजींनी बहिरा कान तिकडे केला. वाद नको असला की ते तसंच करायचे.

तेव्हापासून आमच्या घरातल्या बायका न्हायच्या त्या नेसत्या लुगड्यानिशी. देवासमोर उघडं कसं व्हायचं? देवाकडं पाठ करून न्हायचं की तोंड करून, यावर आत्याबाई आणि आमच्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी यांची भांडणं व्हायची. मावशी खट्याळ. म्हणायच्या, "समदीकडं भक्त देवाला आंगूळ घालतो. तुमच्यात देवच भक्ताला घालतोय. उलटंच हाय बाई तुमचं!"

हसायचो आम्ही सगळ्या. आत्याबाईसुद्धा.

मग मामंजी गेले. छातीत कफ धरला आणि चार दिवसांत संपलं. त्यांचा पाना न्हाणीतल्या खिळ्याला लटकत होता, तो आत्याबाईंनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. खंडेनवमीला ते सगळी हत्यारं पुजायचे, झेंडू वाहायचे. त्या वर्षी वाहिलेल्या झेंडूचा एक वाळकी पाकळी त्याच्या जबड्यात तशीच होती. त्यांच्या शेंदराचा डबा आणि जवसाच्या तेलाची बाटलीही आत्याबाईंनी कुणाला दिली नाही.

माझी नणंद नवलाख उंबरे या गावी दिलेली. ती दोनदा बाळंत झाली आणि दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली. काही आजार नाही, काही नाही. सकाळी बघावं तर गार. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती माहेरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजून राहायला लागली. तिला बोलतं करायला मी इंदुरीच्या गमती सांगायची, पण ती मधेच विचारायची, "वयनी, ह्ये बी जाईल का गं?"

आत्याबाईंनी झारीला नवस बोलला. लेकरू जगू दे, दर शनिवारी तेल-शेंदूर चढवीन. आणि चढवायला लागल्या. दुसऱ्या देवांना त्या गोडंतेल वापरायच्या, पण झारीला मामंजींच्या बाटलीतलं जवसाचंच, कारण ते त्यांच्या हातचं. मानेपासून सुरुवात झाली. मग शेंदूर झारीच्या पाठीवर उतरला, मग कडेवर, मग खालून भोकांवरही बोटं फिरायला लागली. एक थर सुकला की दुसरा. बघता बघता झारीची झारी राहिली नाही, गांधीलमाशीच्या पोळ्यासारखं तांबडं काहीतरी छताला लोंबायला लागलं.

श्रावणात नणंद बाळंत झाली. मुलगी. अशी रडली की खालच्या आळीला ऐकू गेलं. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी का असंना, रडती तर खरी!" आणि त्या आठवड्यात शेंदराची वाटी मोठी झाली.

बाळंतिणीची बाज न्हाणीच्या भिंतीला लागून होती, पाळणाही तिथंच. बंब भिंतीच्या पलीकडे, त्यामुळे भिंत कोमट असायची. पावसाळ्यात ओल येत नाही अशी घरात तेवढी एकच भिंत. मी रोज बंब पेटवायची आणि कान लावून बसायची. पहिल्यांदा ठिप, ठिप असं भरभर यायचं. मग थेंबाथेंबात अंतर पडायला लागलं. एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागायची. झारीतून पडणारं पाणीही विरळ झालं, केसासारख्या चार धारा, त्याही वाकड्या. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "रविवारी बघतो." घाटात मालगाड्यांना मागून रेटणाऱ्या माणसाचा रविवार कधी येतो ते मी तोवर शिकले होते.

आत्याबाई मात्र खूश. "बरं झालं ठिपठिप कमी झाली ती. पोरगी दचकायची."

बारशाच्या दिवशी सकाळी उठले. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की गोठ्यातली म्हैस दिसत नव्हती, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. आत्याबाई धार काढत होत्या. आदल्या दिवशी बंब चांगला तापेपर्यंत मोजून एखाद-दुसरा थेंब पडला होता, आणि मी रात्रभर त्याच विचारात होते. मी देव्हाऱ्यापुढे हात जोडले, पाना उचलला, घडवंची घेऊन न्हाणीत गेले.

वर चढून जवळून पाहिलं. भोकं म्हणून दिसतच नव्हती. सगळा शेंदूर, आणि त्याला ओल धरून एक काळपट लव. मानेपाशी पाना बसेना, इतका थर. चिंच चोळली, घासलेट सोडलं, वरवंट्यानं हलकेच ठोकलं. पाना कसाबसा धरला आणि डावीकडे भार टाकला. हलेना. पुन्हा टाकला. अगदी लोंबकळलेच म्हणा ना. तेव्हा आतून कर्र असा आवाज आला आणि झारी इतकीशी फिरली, भाकरीचा चतकोर तुकडा असतो तेवढी. शेंदरावर मानेभोवती बारीक चीर गेली.

"हात काढ!"

आत्याबाई दारात उभ्या. हातात दुधाची चरवी. चेहरा पांढरा.

मी म्हटलं, "आत्याबाई, भोकं बुजल्यात. मामंजी म्हणाले व्हते—"

"त्ये म्हणाले व्हते, त्ये गेले. माझी नात हितं हाय. दोन लेकरं मातीत घातलीत म्या ह्या हातांनी. तिसरं ह्यानं ठिवलंय. आन तू आज, बारशादिशी, त्याची मान मुरगाळतीस?"

असं बोलल्यावर घडवंचीवर उभं राहायचं कसं? मी उतरले. त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि ओच्यात खोचला.

मी अजिजीनं म्हटलं, "मग आजच्या दिस पाणी चुलीवर तापवते."

"चुलीवर पुरण शिजतंय. आन त्याच्या पाण्याबिगर पोरीला आंगूळ न्हाई. जा, इहिरीवरनं दोन खेपा आण."

मी गेले. जाताना बजावलं, "बंब पेटवू नगा, मी आल्यावर बघू." त्यांनी मान हलवली की नाही ते धुक्यात दिसलं नाही.

परत येताना वाटेवरच लाकडाच्या धुराचा वास आला. चुलीचा धूर वेगळा, बंबाचा वेगळा. बाईमाणसाला कळतं ते. घागरी ओसरीवर टेकवल्या आणि न्हाणीत धावले. बंब पेटलेला, चांगला रसरसलेला. मावशीही येऊन बसल्या होत्या, हळद-तेलाची वाटी घेऊन.

मी उभी राहून ऐकलं.

काही नाही. एकही थेंब नाही.

मग दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. बंबाच्या पोटातून हूं असा बारीक आवाज, माठात भुंगा अडकल्यासारखा. मधेच एक ठोका. जरा वेळानं आणखी एक.

मावशींची मस्करी कुठल्या कुठं गेली. "बाई, ह्याच्या पोटात शिरलंय तरी काय?"

मी आतल्या खोलीत गेले. "वन्सं, उठा. पोरीला घ्या आन भाईर चला."

"भाईर? वयनी, धुकं हाय. पोरीला वारा बादंल."

आत्याबाई माझ्या मागून आल्या आणि चौकटीत दोन्ही हात लावून आडव्या उभ्या राहिल्या. "बाळंतीण हलायची न्हाई. ह्या धुक्यात लेकरू भाईर न्यायचं? पयल्यांचं काय झालं त्ये इसरलीस का?"

"आत्याबाई, बंब फुटंल."

"देवाच्या हातात हाय त्ये."

भिंतीपलीकडून पुन्हा ठोका आला आणि पाळण्याची कडी किणकिणली. नणंदेनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती हात लांब करून भिंतीला टेकवायला गेली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. भिंत कोमट नव्हती, तव्यासारखी झाली होती. तिनं मुलीला उचललं, घोंगडीत गुंडाळलं आणि दाराशी आली.

"आई, सर."

"अगं, दोन गेल्यात तुजी—"

"माजीच गेल्यात. सर."

आत्याबाईंचे हात खाली आले. नणंद बाहेर गेली आणि दोन पावलांत धुक्यानं तिला गिळलं. मावशी तिच्या मागून पळाल्या.

मला वाटलं आत्याबाईही जातील. त्या गेल्या, पण न्हाणीत. झारीच्या बरोबर खाली, ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि हात जोडून पुटपुटायला लागल्या. "माझं घे, तिचं नगं. माझं घे, तिचं नगं." बंब त्यांच्यापासून हातभर. त्याचं झाकण मधे फुगल्यासारखं वाटलं मला. खरंच फुगलं होतं की माझ्या डोळ्यांना तसं दिसलं, देव जाणे.

त्यांना उठवत बसायला वेळ नव्हता. मी चिमटा घेतला आणि बंबाच्या खालच्या तोंडातून निखारे ओढायला लागले. फरशीवर पडले की चर्र होऊन धूर. डोळ्यांत पाणी, पदर तोंडाला, आणि बंबाचा तो हुंकार आता कानात नाही, दातांत वाजत होता. मामंजींचा बहिरा कान मला त्या वेळी आठवला. आणि गिरणीतली ती माणसं, ज्यांच्यापाशी आले की ते गप्प व्हायचे.

तेवढ्यात वर शिट्टी वाजली.

आधी बारीक, मग अशी कर्कश की इंजिनच घरात शिरलं. झारीच्या मानेवर सकाळी जी चीर पडली होती, तिच्यातून वाफेची एक पात बाहेर पडत होती. चीर वाढली. शेंदराचा पहिला तुकडा सुटून आत्याबाईंच्या मांडीवर पडला. मग दुसरा, मोठा. मी चिमटा टाकला, त्यांना दंडाला धरून खेचलं आणि फरफटत दाराबाहेर काढलं. मागे सगळं तांबडं कवच धाडकन खाली आलं आणि न्हाणी वाफेनं भरून गेली.

शिट्टी किती वेळ वाजत राहिली कुणास ठाऊक. आम्ही दोघी ओसरीवर बसून होतो. आत्याबाईंच्या मनगटावर भाजलं होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. शेंदराचा तो पहिला तुकडा त्यांच्या मुठीत होता.

"त्यो गेला," त्या म्हणाल्या. "कवच टाकून गेला. आता पोर बी नेली आसंल."

"आसं नगा बोलू, आत्याबाई."

त्या उठल्या आणि अंगणात जाऊन लेकीला हाका मारायला लागल्या. धुक्यातून उत्तर नाही. मीही हाक मारली. पुन्हा काही नाही. गोठ्याकडे गेलो, नाही. जांभळीखाली गेलो, नाही. घोंगडीचं एक टोक सोडा, पावलाचा आवाजही नाही. शिट्टी थांबली होती आणि तुंगार्लीत इतकं शांत मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आत्याबाई मधेच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नाही सांगणार. दोन लेकरांच्या वेळी तेच आलं असेल, एवढंच समजा.

आणि मग वरच्या वाटेकडून रडणं आलं. असं रडणं, की पुन्हा खालच्या आळीला ऐकू जावं.

मावशींचा आवाजही आला, "अगं बाई, शिट्टी वाजत व्हती तवर वरडून वरडून घसा बसला आमचा! मग दार लावून बसलो, तुमच्या हाका ऐकणार कशा?" वरच्या बंगल्याच्या फाटकातल्या माळ्याच्या खोलीत दोघी शिरल्या होत्या. पोरगी गरम होती, लालबुंद होती, आणि भयंकर रागावलेली होती.

बारशाला दुपारी बायका जमल्या तेव्हा बंब गार झाला होता. आत्याबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, पानसुपारी पुढे सरकवली, आणि मला खुणेनं न्हाणीत बोलावलं. ओच्यातून पाना काढला. मला वाटलं देव्हाऱ्यात ठेवायला देताहेत.

"काढ," म्हणाल्या.

मी पाना हातात घेतला, पण चढले नाही.

"आपल्या हातानं कवच टाकलंया त्यानं. आत काय हाय त्ये बघाय नगं का? चढ."

शेंदूर निघून गेल्यावर पितळ पहिल्यांदाच पुन्हा दिसत होतं, हिरवट, डागाळलेलं. पाना आता मानेवर नीट बसला. भार टाकला, तरी हलेना. चतकोर फिरून पुन्हा अडकली होती. तर आत्याबाई लुगडं खोचून घडवंचीवर माझ्या शेजारी चढल्या. साठीच्या बाई! ती घडवंची करकरायला लागली. भाजलेल्या मनगटाला पदर गुंडाळला आणि माझ्या हातांवर हात ठेवले. "अंगाचा भार टाकायचा, झटका न्हाई," त्या म्हणाल्या. म्हणजे मामंजींनी त्यांनाही सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलंही होतं. चार हातांखाली झारी कण्हली, फिरली, आणि तागाचे कुजके धागे घेऊन हातात आली.

त्यांनी ती दारात नेली आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. एकाही भोकातून उजेड येत नव्हता. अर्ध्यात नळाचा गंज आणि खार होता, पण बाकीच्यात शेंदूर होता, बोटानं दाबून बसवलेला. ओसरीवर बायका पाळणा म्हणत होत्या, आणि आत्याबाई परसातून बाभळीचा काटा घेऊन आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि एकेक भोक उकरायला लागल्या. नातीचं नाव ठेवायच्या वेळेला हाक मारली तेव्हा उठल्या, नाव कानात सांगून आल्या आणि पुन्हा काटा हातात घेतला.

कवचाचे तुकडे त्यांनी फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडले. झारी मी नव्या तागानं बसवली. शेंदूर सांध्याला लागतो तेवढाच, आणि तोही मीच लावला. त्यानंतर शनिवारी त्या तेल-शेंदराचं बोट भिंतीला टेकवायच्या, झारीपासून चांगलं लांब. आणि बंब पेटला की कुणाशीही बोलत असोत, अर्ध्या वाक्यात थांबायच्या. ठिप आलं की मग उरलेलं वाक्य पुरं करायच्या. व्याहीमंडळी हसायची त्यांना.

ती पोरगी आता स्वतः आजी झाली आहे. तिला ही सगळी हकीगत मी कितीदा सांगितली. ती ऐकते, हसते, आणि पाण्याचा थेंब वाया गेलेला तिला खपत नाही. माझ्याकडे आली की आल्या आल्या न्हाणीतला नळ करकचून बंद करते. दुपारी तिचा डोळा लागला की मी उठते, आणि थोडा सैल करून ठेवते.